दोन जनावरांचं कर्ज

बँकेत कृषी अधिकारी म्हणून माझी बहुतेक नोकरी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत गेली. कोरेगाव, खटाव, मग वाळवा, तासगाव आणि शेवटी कराड. दुभत्या जनावरांच्या कर्जाचे अर्ज या काळात माझ्या टेबलावरून सतत जात राहिले आणि त्यांतल्या एका प्रकारच्या अर्जाबद्दल माझं मत पक्कं झालेलं होतं. एक गाय, एक म्हैस, अर्धा-पाऊण एकर रान आणि सोबत गावातल्या दूध संस्थेचं पत्र. असा अर्ज आला की मी शेरा मारायचो, ‘प्रकल्प किफायतशीर नाही.’ धंदा करायचा तर दहा-बारा एचएफ गाईंचा गोठा हवा, मुरघासाचा खड्डा हवा, धारा काढायचं मशीन हवं, आणि दूध कुणाला घालायचं हे दर बघून ठरवण्याची मोकळीक हवी, असं माझं म्हणणं. सहकारी दूध संघ म्हणजे माझ्या लेखी निवडणुका, पॅनेल आणि सत्कार.

आज मी तो शेरा मारणार नाही. संघांच्या कारभाराबद्दलची माझी नाराजी मात्र अजून शिल्लक आहे, तीही इथे लिहिणार आहे.

आधी हे सांगायला हवं की माझं जुनं मत हवेतून आलेलं नव्हतं. मिरजेची शासकीय डेअरी मोडीत निघालेली मी पाहिली. राज्याच्या सहकारी दूध महासंघाची स्थापना १९६७ची, गोरेगावची ‘महानंद’ डेअरी १९८३ची. त्या महानंदचा कारभार २०२४मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या हाती द्यावा लागला. उलट आमच्याच भागात भिलवडीला भास्कर गणेश चितळे यांनी १९३९मध्ये सुरू केलेला खासगी दूधधंदा पिढ्यान् पिढ्या वाढत गेला, जनावरांच्या नोंदी संगणकावर ठेवण्यापर्यंत पोहोचला. फलटणच्या गोविंद डेअरीने मुक्त गोठ्याची पद्धत शेतकऱ्यांच्या गळी उतरवली. ही कामं खासगी माणसांनी केली आणि चांगली केली. तेव्हा ‘सहकार म्हणजे तोटा, खासगी म्हणजे शिस्त’ असं समीकरण डोक्यात बसायला माझ्यासमोर पुरावा होता.

ते समीकरण हललं ते वसुलीच्या कागदांमुळे.

२०१८च्या उन्हाळ्यात गाईच्या दुधाचा दर १७ ते २० रुपयांपर्यंत घसरला. जुलैत राजू शेट्टींच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेने मुंबईचं दूध रोखलं, तेव्हा कुठे सरकारने २५ रुपये दराची घोषणा केली. दोन वर्षांनी टाळेबंदीत पुन्हा तेच. या दोन्ही वेळा मी शाखेतली थकीत खाती काढून बसलो. थकलेल्यांमध्ये माझ्या शिफारशीचे, ‘किफायतशीर’ प्रकल्पांचे गोठे एकामागून एक सापडत गेले. ज्यांना मी नाखुशीने, वरून उद्दिष्ट आलं म्हणून, एका-दोन जनावरांचं कर्ज दिलं होतं, त्यांचे हप्ते रखडत का होईना येत होते.

असं का व्हावं, याचा हिशोब मांडून पाहिला. बारा लिटर दूध देणाऱ्या गाईला शरीरपोषणाचं दीड किलो आणि दुधामागे लिटरला ४०० ग्रॅम असं धरलं, तर दिवसाला सव्वासहा किलोच्या आसपास पशुखाद्य लागतं. किलोला २५ रुपये म्हटले तरी दीडशेच्या वर गेले. हिरवी वैरण, कडबा, औषधपाणी, गड्याचा पगार वेगळा. दर ३५वरून २७वर आला की एका गाईमागे रोजचे ९६ रुपये कमी होतात. दहा गाईंना महिन्याला २८-२९ हजार. बँकेचा हप्ता त्यातूनच जायचा असतो. मोठ्या गोठ्यात वैरण विकतची, माणूस पगारी, खाद्य कमी करावं तर दूध तुटतं. हात आखडायला जागाच नसते.

लहान घराचं गणित निराळं असतं. वाळवा-कराडच्या ऊसपट्ट्यात तोडणीच्या दिवसांत वाढं मिळतं, बांधावरचं गवत असतं, मक्याच्या चार सऱ्या घरच्याच असतात. दर पडला तर तेही घर पोळतं, पण खिशातून बाहेर जाणारा पैसा थोडा असल्यामुळे मोडत नाही. आटपाडी, जत, माण या बाजूला तेवढंही सुख नाही. तिथे कडबा विकत घ्यावा लागतो आणि दुष्काळात चारा छावणीचा रस्ता धरावा लागतो. तरीसुद्धा ती घरं जनावर विकून मोकळी होत नाहीत. पाऊस चुकला तर ज्वारी जाते, दावणीची गाय थोडं का होईना देत राहते.

यात एक गोष्ट मला आजही टोचते. लहान गोठा टिकतो, कारण त्यातली मजुरी कुणी मोजत नाही. पहाटे शेण काढणारी, वैरणीचा भारा डोक्यावरून आणणारी, धार काढणारी बहुधा घरातली बाई असते. तिच्या तासांचे पैसे धरले असते तर माझा जुना शेरा बरोबर ठरला असता. पण तिच्यासमोर दुसरा रोजगार कोणता होता? लांबच्या रानात भांगलणीला जाणं, तेही वर्षाचे मोजके दिवस. दूध मात्र दर दहा दिवसांनी पैसे देतं.

इथे संस्थेचा भाग सुरू होतो, जो मी कधी नीट पाहिलाच नव्हता.

गावातली दूध संस्था सकाळ-संध्याकाळ उघडते. रांगेत कुणाच्या किटलीत आठ लिटर असतं, कुणाच्या पाऊण लिटर. सचिव नमुना घेतो, यंत्र फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घनपदार्थ) दाखवतं, पावती निघते. गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५, म्हशीच्या दुधाला ६ आणि ९ हे आकडे इथल्या न शिकलेल्या बायकांनाही पाठ असतात. जुन्या सभासदांना ॲसिड घालून नळ्या फिरवायचे दिवस आठवतात. तेव्हा फॅट काय लागलं हे सचिव सांगेल तेच खरं मानावं लागे. आता आकडा समोर दिसतो.

त्या पाऊण लिटरबद्दल मी उशिरा विचार करायला लागलो. एवढंसं दूध मोजायला, तपासायला, लिहायला जो वेळ लागतो, तेवढ्याच वेळात दहा लिटर मोजून होतं. धंद्याच्या हिशोबाने पाऊण लिटर घेणं परवडत नाही. गाडी घेऊन गावोगाव फिरणारा खासगी संकलक मोठ्या गोठ्यांच्या दारात थांबतो आणि पुढे जातो. त्याला डिझेल भरायचंय. त्याला मी दोष देत नाही. पण पाऊण लिटरवालीच्या दारात कुणी थांबत नसेल, तर तिने म्हैस पाळायची कशाच्या भरवशावर? १९४६मध्ये गुजरातच्या खेडा जिल्ह्यात त्रिभुवनदास पटेलांच्या पुढाकाराने संघ उभा राहिला, तो दोन गावांच्या संस्था आणि दिवसाचं जेमतेम अडीचशे लिटर दूध घेऊन. ही गोष्ट मी प्रशिक्षणात ऐकली होती आणि पुढे काय भव्य झालं एवढंच लक्षात ठेवलं होतं. सुरुवातीचं ते अडीचशे लिटर किती घरांतून थोडंथोडं गोळा झालं असेल, इकडे माझं लक्ष गेलं नव्हतं.

दुसरी गोष्ट नको असलेल्या दुधाची. दिवाळीनंतर पुष्टकाळ येतो, जनावरं भरभरून देतात. उन्हाळ्यात कृशकाळ असतो, तेव्हा सगळे दुधामागे धावतात. पुष्टकाळातलं जास्तीचं दूध पिशवीतून खपत नाही, त्याची पावडर आणि लोणी करावं लागतं. गाईच्या शंभर लिटर दुधातून चारेक किलो लोणी आणि साडेआठ-नऊ किलो पावडर निघते. या पावडरीचा भाव जगाच्या बाजारात ठरतो. तिकडे भाव पडला की खटावच्या गोठ्यातल्या लिटरमागचे रुपये कमी होतात, मग डेअरी सहकारी असो की खासगी. इथे सहकाराकडे कुठली जादू नाही, संघही दर उतरवतात. फरक पडतो तो दूध नाकारण्यात. टाळेबंदीत हॉटेलं, मिठाईची दुकानं बंद झाली, तेव्हा माझ्या एका मोठ्या कर्जदाराला त्याच्या संकलन केंद्राने सांगितलं, संध्याकाळचं दूध आणू नका. गाईच्या कासेला हे सांगता येत नाही. धार चुकली की कासेला सूज येऊन दगडी होते, सड जातो आणि पन्नास-साठ हजारांची गाय खाटकाच्या भावाची होते. त्याच आठवड्यात त्याच्या गावातल्या संस्थेत रांग नेहमीसारखी लागत होती. दर कमी, पण दोन्ही वेळा माप चालू. सरकारने त्या काळात सहकारी संघांकडचं दिवसाला १० लाख लिटर जास्तीचं दूध २५ रुपयांनी घेऊन पावडर करायचं ठरवलं. ते दूध सरकारपर्यंत जायला गावपातळीवर काहीतरी उभं असावं लागतं. ते संस्थेच्या रूपाने उभं होतं.

ऑगस्ट २०१९च्या महापुरात मात्र कुणाचंच काही चाललं नाही. कृष्णा-वारणाकाठची गावं पाण्यात, रस्ते बंद, संकलन ठप्प. लोकांनी धारा काढून दूध ओतून दिलं.

दराबद्दलचं माझं मत बदललं ते एका सभासद बाईंशी झालेल्या बोलण्यानंतर. कराड तालुक्यातलं गाव, दोन म्हशी, नवरा मुंबईहून गिरणी बंद पडल्यावर परतलेला. मी विचारलं, “मावशी, त्या गाडीवाल्याकडं लिटरला दोन रुपये जादा आहेत. तिकडं का घालत नाही?”

“घातलं की सायेब, वरीसभर घातलं,” त्या म्हणाल्या. “दोन रुपयं जादा मिळालं, खोटं कशाला बोलू? पर म्हस आटली, आन् पुन्यांदा त्यो दारात आला न्हाई. संस्थेत तसं न्हाई. म्हस गाभण असली तरी पेंडंचं पोतं उधारीवर देत्यात. याली की बिलातनं कापून घेत्यात. रातच्याला अडली तर डाक्तर येतो.”

हे ऐकून मी माझ्या बँकेच्या योजना आठवून पाहिल्या. म्हैस दहा महिने गाभण राहते आणि विण्याआधी दोन-तीन महिने दूध देत नाही. त्या काळात घरात दुधाचा रुपया येत नाही, पण जनावराला चांगलं खाऊ घालावंच लागतं. तेव्हा उपाशी राहिलेली म्हैस पुढचं अख्खं वेत कमी दूध देते. मी कर्ज द्यायचो ते जनावर विकत घ्यायला. दुसऱ्या महिन्यापासून हप्ता सुरू, म्हैस दुभती असो की आटलेली. त्या आटलेल्या महिन्यांसाठी आमच्याकडे काहीही नव्हतं. पशुखाद्याची उधारी, कृत्रिम रेतन, रात्रीचा डॉक्टर, लसीकरण, दिवाळीला मिळणारा दूध फरक, हे सगळं मी ‘संस्थेचे इतर उपक्रम’ म्हणून एका ओळीत लिहून पुढे जात होतो. दोन रुपयांचा फरक वर्षाच्या दुधावर काढला आणि त्यासमोर ही उधारी, डॉक्टरची फी आणि दिवाळीचा फरक ठेवला, तर दोन जनावरांच्या घराला संस्था परवडते. दहा गाईंच्या गोठ्याला कदाचित नाही. त्याच्याकडे स्वतःचा डॉक्टर असतो, खाद्य तो ट्रकने आणतो. माझी चूक होती ती दोघांना एकाच मापाने मोजण्याची. २०२२मध्ये जनावरांत लम्पी रोग आला, तेव्हा लसीकरणासाठी गावातल्या जनावरांच्या याद्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कुठून मिळत होत्या, तर सचिवाच्या वहीतून. कुणाच्या दावणीला काय आहे, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

आता नाराजीबद्दल.

शेजारच्या कोल्हापुरात १९६३मध्ये जिल्ह्याचा एक संघ झाला, तो गोकुळ. पलीकडे वारणेचा. साताऱ्या-सांगलीत कराडचा कोयना, इस्लामपूरचा राजारामबापू असे संघ उभे राहिले आणि टिकलेही. पण आमच्याकडे तालुक्यागणिक, खरं सांगायचं तर नेत्यागणिक संघ झाले. १९४९पर्यंत एकच सातारा जिल्हा असलेल्या या पट्ट्यात यशवंतराव, वसंतदादा, राजारामबापू, नागनाथअण्णा अशी तोलामोलाची माणसं होती. प्रत्येकाच्या मागे माणसं होती आणि त्या माणसांच्या संस्था झाल्या. त्यातून तालुक्यांना बळ मिळालं, हे मी नाकारत नाही. पण मुंबई-पुण्याच्या बाजारात पिशवी विकायला लागणारी ताकद अशा वाटण्यांतून येत नाही. म्हशीचं दूध आणि एका नावाखाली एकवटलेलं संकलन यांच्या बळावर कोल्हापूरने जे कमावलं, ते आम्हाला जमलं नाही. आमच्या दोन जिल्ह्यांतले संघ एका ब्रँडखाली यायला हवे होते, असं मला मनापासून वाटतं. आजही उशीर झालेला नाही.

कायद्याने एका सभासदाला एक मत आहे, पाऊण लिटरवालीला आणि शंभर लिटरवाल्याला सारखंच. संचालक मंडळात महिलांसाठी २ जागा राखीव आहेत. पण वार्षिक सभेला किती बायका येतात, हे मी पाहिलंय. दूध त्या काढतात, आणि सभासदाचं नाव नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं. राखीव जागेवर निवडून आलेल्या बाईंची सही पतिराज कागद घरी नेऊन आणतात. यंत्राचा आकडा समोर दिसत असला तरी ते यंत्र शेवटचं कधी तपासलं, हे विचारणारा सभासद अजून विरळा. एसएनएफ एका पॉइंटने खाली दाखवलं की लिटरमागे पैसे कापले जातात, आणि हे कापलेले पैसे शेवटी लहान माणसाच्या घरातून जातात.

सरकारचंही तेच. जुलै २०२३मध्ये ३.५/८.५ला ३४ रुपये किमान दर जाहीर झाला. हिवाळ्यापर्यंत तो २६-२७वर आला आणि कुणाला शिक्षा झाली नाही. मग जानेवारी २०२४पासून लिटरला ५ रुपये अनुदान आलं, पण त्यासाठी कानात बारा अंकी बिल्ला हवा, ऑनलाइन नोंद हवी, आधारशी जोडलेलं खातं हवं. बिल्ला मारायला माणूस यायची वाट बघत कित्येकांचे आठवडे गेले. ज्या गावात संस्थेचा सचिव धडपड्या होता, तिथे त्याने रात्र रात्र बसून याद्या भरल्या. जिथे तो नव्हता तिथे एक-दोन जनावरांची घरं मागे राहिली. मला हे बरं वाटत नाही. लहान उत्पादकाचं नशीब एका सचिवाच्या स्वभावावर टांगलेलं असू नये.

मत बदललं म्हणजे मी संघांचा वकील झालो असं नाही. दर देण्यात, पॅकिंगमध्ये, विक्रीत खासगी डेअऱ्या पुढे असतील तर त्यांच्याकडून शिकावं. माझं बदललेलं मत एवढंच की डेअरीची परीक्षा मी आता चांगल्या महिन्यातल्या दरावरून करत नाही. पुष्टकाळात ती किती लहान किटली घेते, आटलेल्या म्हशीच्या घरी काय पोचवते, पंधरा लिटर घालणाऱ्याला आणि दीड लिटर घालणारीला डॉक्टर सारखाच मिळतो का, हे मी विचारतो. या प्रश्नांना होकारार्थी उत्तरं मला बहुतेक वेळा गावच्या संस्थेत मिळाली. सगळीकडे नाही, पण मिळाली ती तिथेच.

बँकेतल्या माझ्या नंतरच्या मंडळींना एक सांगायचं आहे. किसान क्रेडिट कार्ड आता पशुपालनालाही लागू आहे. २०२०च्या जूनपासून दूध संघांच्या सभासदांसाठी त्याची मोहीम झाली, आणि ज्यांचं दूध थेट संघाला जातं त्यांना ३ लाखांपर्यंत विनातारण कर्ज देता येईल अशी सोय आहे. परिपत्रक आहे, पण शाखेत अजून आधी सातबारा मागतात. गोठ्यात राबणाऱ्या बहुतेक बायकांचं नाव सातबाऱ्यावर नाही. संस्थेच्या पुस्तकावर ते येऊ शकतं, आणि अनेक ठिकाणी आलेलं आहे. दर दहा दिवसांचं बिल, वर्षानुवर्षांच्या नोंदी, कधी आटली, कधी व्याली, उधारी किती घेतली आणि किती वेळात फिटली, सगळं त्या पुस्तकात असतं. मी टेबलावर असतो तर अर्जाला तेच पुस्तक आधी जोडायला सांगितलं असतं. हप्ताही म्हैस व्याल्यानंतर सुरू होऊन आटल्यावर थांबेल असा बांधून दिला असता.